मृत्तिकेचे आरोग्य – लेखांक पाचवा : नांगराविना भातखाचर

वऱ्हाडातील काळ्या जमिनीचा विचार मागील लेखांकात झाल्यावर, या आठवड्यात कोकणातील भातखाचराकडे वळावयाचे आहे. कारण मशागतीवाचून पीक घेण्याची कल्पना जिथे सर्वांत अशक्य वाटावी, असे हेच स्थळ आहे.

चिखलणीवाचून भात नाही, हा तेथील रयतेचा पिढीजात दस्तूर, आणि तो निराधार मुळीच नव्हता. चिखलामुळे पाणी खाचरात ठरते, तण दबते, कोवळे आवण सहज रोवले जाते. परंतु पाणी ठरते ते मातीची कणरचना मोडते म्हणून! ढेकळे विरघळून सूक्ष्म चिकण खाली बसते, नांगराच्या तळाशी घट्ट थर जमतो, आणि पावसाळा सरून खाचर वाळले म्हणजे तीच जमीन भेगाळून इतकी कठीण होते, की रब्बीच्या पिकाचे मूळ तीत शिरता शिरत नाही.

रायगड जिल्ह्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ या नावाने जी पद्धत विकसित केली, तिचा रोख नेमका या दोषावर आहे. आरंभी एकदाच नांगरट करून गादीवाफे बांधावयाचे, लोखंडी साच्याने भोके पाडून त्यांत बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर बुडखे न उखडता मुळे जागच्या जागी कुजू द्यावयाची. लावणीच नसल्यामुळे, रोपे तयार करण्याच्या जागेवर झाडांच्या फांद्या तोडून राब भाजण्याचेही कारण उरत नाही. हा लाभ उत्पन्नाच्या हिशेबात दिसत नसला, तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

कुजलेले प्रत्येक मूळ आपल्यामागे एक सूक्ष्म नलिका ठेवून जाते. तिच्यातून हवा व पाणी खाली उतरते, पुढील पिकाचे मूळ त्याच वाटेने जाते, गांडुळांना अन्न मिळते, आणि बुरशीचे तंतू व जिवाणूंचा चिकट स्राव यांनी मातीचे कण पुन्हा एकमेकांस धरू लागतात. नांगरटीने हीच सेंद्रिय द्रव्ये हवेस उघडी पडून त्यांतील कर्ब वायुरूपाने लवकर निघून जातो.

भातामागून त्याच वाफ्यांवर वाल टोकावा. उरलेल्या ओलीवर तो वाढतो, जमीन झाकतो, आणि मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतील नत्र बांधतो. ही या मुलखाची जुनीच वहिवाट असून, आच्छादन-पीक म्हणून परका उपाय शोधण्याची तेथे गरज नाही.

अडचणी दोन आहेत. चिखल नसल्याने तण माजते, आणि या पद्धतीत तणनाशकावर जी भिस्त ठेवली जाते ती, माझ्या मते, दाट आच्छादनाच्या साह्याने वर्षागणिक कमी करीत नेली पाहिजे. दुसरी अडचण मोकाट गुरांची. शेजारची खाचरे ओसाड असली, तर सारा कळप त्या एकाच हिरव्या तुकड्यावर येतो, आणि एकट्या कुळाने कितीही राखण केली तरी वाल हाती लागत नाही. म्हणून गुरे बांधण्याचा ठराव गावकीने भाताची कापणी होण्यापूर्वीच करावयास हवा.