आधी पडायला शिकवा

पेण-रोह्याकडच्या शिक्षक बंधुभगिनींनो, भाताची कापणी आटोपली की आपल्याकडे गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात, हे मी तुम्हांला सांगायला नको. चढाई नि पकड आपल्या पोरांना जणू बाळकडूतच मिळते. पण पडायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवीत नाही. मीही शिकवले नव्हते. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एका चपळ मुलाचा पकडीतून निसटताना तोल गेला आणि त्याने हात ताठ मागे टेकला. सगळा भार त्या एका कोपरावर आला. हाड मोडले, हात पुरता सरळ व्हायला वर्ष लागले. डाव मी शिकवला होता, त्यापुढचे नव्हते.

जपानात जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात, अवघ्या बारा चटयांवर, जूदोचे वर्ग सुरू केले. जूदो म्हणजे समोरच्याला तोल घालवून पाडण्याची विद्या. तरीही तिथे पहिला धडा पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. आणि गंमत पाहा, त्या जुन्या जपानी चटयांच्या पोटात असे भाताचा पेंढा! तो तर आपल्या दारातच आहे. आपल्या तालमीत वस्ताद हौद्यातली माती खणून भुसभुशीत करायला लावतात, तेही काही उगीच नव्हे.

तेव्हा पायांनी दाबूनही चांगला वीतभर उरेल इतका पेंढा पसरा आणि वर ताडपत्री ताणून बांधा. (आधी तो झाडून घ्या, विंचू-किरडू दडलेले असते.) मुलांना उकिडवे बसवा. हनुवटी छातीशी घट्ट, नजर बेंबीकडे. पाठ गोल करून मागे कलंडायचे, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, अंगापासून थोडे दूर जमिनीवर सपकन मारायचे. श्वास रोखायचा नाही, सोडायचा. का म्हणाल, तर मार एकाच सांध्यावर न बसता पसरतो, आणि हनुवटी आवळल्यामुळे डोके आपटत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. तिला धक्का बसला तर हाडाची वाढच बिघडू शकते. म्हणून घाई नको. आठवडाभर उकिडव्यानेच करू द्या, मग कुशीवर, आणि अगदी शेवटी उभ्याने.

पोरं कंटाळतील. ‘सर, डाव कधी?’ असे विचारतील. त्यांना मधूनमधून पवित्रा द्या : पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकवलेले, जोडीदाराने हलके ढकलून पाहायचे. मनगट सोडवणेही दाखवा. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात तिथे पकड कच्ची असते. त्या बाजूला मनगट वळवून, हाताच्या नव्हे तर कमरेच्या झटक्याने काढायचे. जोड्या वजन पाहून लावा. अंगावर दोनदा थोपटले की लगेच सोडायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून. मानेचे पेच मात्र दाखवूच नका, कितीही हट्ट धरला तरी.

पेंढा चार-सहा दिवसांत दबून बसतो. तो उलथापालथा करण्याचे काम पोरांकडेच सोपवा. स्वतः भरलेल्या जागेवर ती बिनधास्त पडतात.