सीट बोटभर वर

दुपारच्या जेवणाची वेळ जवळ आली की लोअर परळ आणि करी रोड स्टेशनांवरून निघालेले डबेवाले डिलाईल रोडला लागतात. हँडलला दोन्ही बाजूंनी डबे लटकलेले, मागे कॅरियरही भरलेला. रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग असे लिहिलेले आहे, पण बीडीडी चाळींतल्या माणसाच्या तोंडी अजून डिलाईल रोडच आहे. या गर्दीत डबेवाला असो, पाववाला असो की चहाची किटली घेऊन फिरणारा पोऱ्या, कामाच्या सायकलींची एक गोष्ट सारखी दिसते. सीट पार खाली बसवलेली असते आणि पायडल वर आले की गुडघा पोटाच्या दिशेने चढतो.

त्यामागे कारण आहे. या रस्त्यावर सलग दोन मिनिटे सायकल चालवायला मिळणे कठीण. टॅक्सी थांबते, हातगाडी आडवी येते, सिग्नल पडतो. अशा वेळी दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले तरच ओझ्याची सायकल सावरता येते. हँडलवर वजन असलेली सायकल एकदा कलली की टोकावर टेकलेल्या बोटांनी ती धरून ठेवता येत नाही.

मात्र या सोयीची किंमत गुडघा देतो.

परळ-लालबागच्या व्यायामशाळेत ज्याने बैठका मारल्या आहेत, त्याला हे चटकन कळेल. अर्ध्या बैठकीतून उठणे आणि टाचांवर टेकून पूर्ण खाली गेल्यावर उठणे, यांत मांडीला लागणारा जोर वेगळा असतो. सीट खाली असली की प्रत्येक पायडलला गुडघा अशाच खोल बैठकीत जातो. जास्त दुमडलेल्या गुडघ्यातून जोर लावताना वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते आणि कालांतराने गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. पाय पुरता सरळ होण्याआधीच पायडल खालून वर फिरते, त्यामुळे मांडी आणि नितंबाचे स्नायू पूर्ण ताकदीने कामाला लागत नाहीत. मिनिटाला साठ फेरे धरले तरी तासाभरात प्रत्येक गुडघा ३,६०० वेळा वाकतो. एका फेऱ्यातला जरासा जादा ताणही दिवसाअखेर मोठा होतो.

सीट फार वर नेली तर त्रासाची जागा बदलते. खालच्या पायडलपर्यंत पोहोचायला चवडे ताणावे लागतात, कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटते. मोठ्यांची चोवीस इंची सायकल घेऊन नळीखालून पाय घालत हाफ पॅडल मारायला शिकलेल्या पिढीला उंच सीटशी झुंजणे म्हणजे काय ते ठाऊक आहे.

मग योग्य उंची कोणती? ब्रिटनमध्ये हॅमली आणि थॉमस यांनी १९६७ मध्ये दाखवले, की थोड्या वेळात जास्तीत जास्त जोर काढायचा असेल तर खालच्या टोकाला असलेल्या पायडलपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या मापाच्या १०९ टक्के असावे. आतले माप म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी. १९७७ च्या नॉर्डीन-स्नायडर यांच्या अभ्यासात खुब्याच्या हाडापासून जमिनीपर्यंतच्या लांबीच्या ९५, १००, १०५ टक्के अशा तीन उंची तपासल्या गेल्या. १०० टक्क्यांना प्राणवायू सर्वांत कमी लागला, म्हणजे तेवढ्याच कामाला दम कमी लागला. पुढे १९९४ मध्ये होम्स आणि सहकाऱ्यांनी सांगितले, की पायडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा. पाय जवळजवळ सरळ असावा, पण ताठ नसावा.

शर्यतीचे सायकलपटू हे माप मिलिमीटरमध्ये सांभाळतात. बेल्जियमचा एडी मर्क्स १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर पडला आणि त्याच्या कमरेच्या हाडांना इजा झाली. त्यानंतर तो शर्यत चालू असतानाही सीट वर-खाली करू लागला. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. इतक्या लांबच्या वाटेवर सीट जराशी चुकली तरी लाखो फेऱ्यांमधून ती चूक शरीराला जाणवत राहते.

घरच्या घरी माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुस्तक जांघेपर्यंत घट्ट वर सरकवावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. ते ७८ सेंटिमीटर भरले तर १०९ टक्क्यांनी पायडल ते सीट हे अंतर ८५ सेंटिमीटर येते. टेप नसेल तर टाचेची जुनी युक्ती आहे. मित्राला सायकल धरायला सांगून सीटवर बसावे आणि टाच तळाच्या पायडलवर ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायडलवर चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो. रोजची चप्पल किंवा बूट घालूनच हे करावे. स्प्रिंगची सीट माणूस बसल्यावर दबते, तेव्हा तपासणीही बसूनच व्हावी.

डिलाईल रोडवर मात्र पुस्तकी उंची एका दिवसात गाठू नये. हवा भरायला दुकानात थांबल्यावर पाना मागून सीट अर्धा सेंटिमीटर वर घ्यावी, नळीवर खडूने खूण करावी आणि आठवडाभर चालवून पाहावी. नळीवर कोरलेली कमाल उंचीची रेघ बाहेर दिसू लागली तर तिथेच थांबावे. थांबताना सीटवरून पुढे घसरून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकण्याची सवय लागली, की सीट उंच असूनही तोल राहतो. ज्याच्या हँडलला डबे आहेत त्याने सीट थोडी खालीच ठेवावी. पण थोडी म्हणजे बोट-दोन बोटे, वीतभर नव्हे.

फरक पाहायला लोअर परळचा पूल जवळच आहे. जुलै २०१८ मध्ये बंद झालेला हा पूल नव्याने बांधून नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. सीट वर घेण्याआधी आणि नंतर, तेवढ्याच ओझ्याने त्याचा चढ चढावा आणि उठून उभे न राहता कुठवर जाता आले ते पाहावे.