दैव, देव आणि माणूस (भाग ६) : दोन सूर्यास्त

मागच्या भागात अकिलीसचा जिवलग मित्र पात्रोक्लस पडला आणि त्याच्या देहासाठी ग्रीक आणि ट्रॉयचे वीर झुंजू लागले. त्या दिवसाचा शेवट ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात येतो, आणि तो एका देवीने घडवलेला आहे. तो समजून घ्यायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागत नाही. परळपर्यंत गेलं तरी पुरे.

गिरण्यांच्या काळात परळ-लालबागच्या चाळींत श्रावणात पोथी लागायची. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार पाळी सांभाळून ऐकायला बसत. एकाने ओवी म्हणायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ या श्रीधरांच्या पोथ्या घरोघरच्या. १७१२ साली पुऱ्या झालेल्या ‘पांडवप्रतापा’चे अध्याय ६४. जे कानांवर पडे तेच दशावतारात डोळ्यांपुढे उभं राही. १९२२ पासूनचं परळचं दामोदर नाट्यगृह कोकणच्या या कलांचं मुंबईतलं हक्काचं ठिकाण झालं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही जयद्रथाची गोष्ट बारकाव्यांसह ठाऊक असायची ती यामुळे.

युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू चक्रव्यूहात मारला गेला. त्याच्यामागून जाणाऱ्या पांडवांना जयद्रथाने शंकराच्या वराच्या बळावर रोखून धरलं होतं. उद्या सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाने प्रतिज्ञा केली. चौदावा दिवस कलला तरी जयद्रथ कौरवसेनेच्या आड सुरक्षित होता. तेव्हा कृष्णाने सूर्य झाकला. दिवस संपला असं समजून जयद्रथ आडोशातून बाहेर आला, मान उंचावून पाहू लागला, आणि ऊन पुन्हा पडलं. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ हे आपण आजही म्हणतो.

आता ट्रॉयकडे वळू. पात्रोक्लसच्या मृत्यूने वेडापिसा झालेला अकिलीस शस्त्राविनाच खंदकाशी येऊन गर्जतो. शत्रू बिथरतो, देह परत मिळतो. ग्रीकांची कैवारी हेरा मग सूर्याला, त्याची इच्छा नसताना, वेळेआधीच मावळायला लावते. लढाई थांबते.

दोन्हीकडे जिवलगाचा मृत्यू आहे, सुडाची शपथ आहे आणि देवाने हलवलेला सूर्य आहे. पण सूर्य हलल्याने कोणीच मरत नाही. अंधारात जयद्रथाला कोणी ओढून आणलं नाही. सुटलो, या भावनेने तो स्वतः पुढे आला. पुढे बाणही अर्जुनालाच मारावा लागला.

हेराच्या सूर्यास्तानंतर जे घडतं ते तर याहून बोलकं आहे. ट्रॉयचे वीर रात्री सभा भरवतात. पॉलिडामस विनवतो : अकिलीस परतला आहे, तटाच्या आत चला. त्यांचा सेनापती हेक्टर ऐकत नाही, मैदानातच थांबायचं ठरवतो. सगळे त्याला दाद देतात. अथीनाने त्यांची बुद्धी हरली होती, असं होमर तिथेच सांगतो. दुसऱ्या दिवशी असंख्य माणसं गमावल्यावर हेक्टर वेशीबाहेर एकटा उभा राहतो. त्याच्या मनात अथीना येत नाही, हेराही येत नाही. माझ्या हट्टापायी माझी माणसं मेली, आता त्यांना तोंड कसं दाखवू, एवढंच तो स्वतःशी बोलतो.

या महाकाव्यांतलं दैव मला इथे उमगतं. देव वेळ आणि परिस्थिती बदलतात. त्या वेळेत काय करायचं हे माणसाच्या स्वभावातून येतं, आणि त्याचं ओझंही माणूसच उचलतो. खुद्द देवांनाही मर्यादा आहे. सार्पेडॉन हा झ्यूसचा पोटचा मुलगा. त्याला वाचवावं असं झ्यूसला वाटतं. तू हे केलंस तर प्रत्येक देव आपल्या मुलाला वाचवू पाहील, असं हेरा बजावते, आणि झ्यूस मुलाला मरू देतो. उद्योगपर्वात शिष्टाईला निघण्यापूर्वी कृष्णही अर्जुनाला हेच सांगतो : पुरुषप्रयत्नाने जे होईल ते सारं करीन, दैव मात्र मला बदलता येणार नाही.

देवांना सगळंच करता आलं असतं तर हेक्टरच्या पश्चात्तापाला वजन राहिलं नसतं, अर्जुनाच्या प्रतिज्ञेलाही नाही. पोथी ऐकणारा कामगार सकाळी पुन्हा साच्यावर उभा राहायचा. नशिबावर भार टाकून हात जोडून बसा, असं त्या पोथीने त्याला कधी सांगितलं नाही. दैवाच्या कथा माणसाला दुबळं करतात, हा आक्षेप म्हणूनच मला मान्य नाही. आपल्या हातात किती आहे आणि किती नाही, हे त्या स्पष्ट दाखवतात. आणि जे हातात आहे त्याचा जाब आपल्यालाच विचारतात.

(पुढील भागात : झ्यूसचा सोन्याचा तराजू आणि हेक्टरची अखेर)