नर्मदाकाठच्या जबलपूरला २०५५ मध्ये किती पाणी लागेल? शहराची दीर्घकालीन पाणी योजना समजून घ्या

थोडक्यात

- शहराची पाणी योजना साधारण ३० वर्षे पुढचा विचार करून आखली जाते.
- पाण्याची गरज लोकसंख्या, दरडोई पाणी आणि गळती या तीन आकड्यांवरून ठरते.
- गळती कमी केली तर नव्या शुद्धीकरण केंद्राइतके पाणी वाचू शकते.
- केंद्र सरकारच्या अमृत २.० अभियानातून अशा कामांना निधी मिळतो. जबलपूरसारख्या १० लाखांवरील शहरात केंद्राचा वाटा २५ टक्के असतो.

नदी दाराशी आहे, मग योजना कशासाठी?

जबलपूरला राहणाऱ्या किंवा तिथे नातेवाईक असणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. शहराला लागून बारमाही नर्मदा वाहते, वरच्या अंगाला बरगी धरण आहे, वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात एखाद्या वस्तीत टँकरची वाट का पाहावी लागते?

नदीत पाणी असणे आणि नळाला पाणी येणे यांत मोठे अंतर आहे. नदी शहराच्या खालच्या पातळीवर वाहते. तिचे पाणी उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, उंच टाक्यांत चढवावे लागते आणि मग गल्लीबोळांतील वाहिन्यांतून घरी पोहोचवावे लागते. यांतला एक दुवा जरी कमी पडला तरी भरल्या नदीकाठी घागर रिकामी राहते. हे सगळे दुवे वेळेवर आणि पुरेशा क्षमतेचे तयार ठेवणे, यालाच दीर्घकालीन नियोजन म्हणतात.

आज पाणी कुठून येते?

जबलपूरच्या पाण्याचा इतिहास तीन टप्प्यांत सांगता येतो.

पहिला टप्पा तलावांचा. गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीत इथे अनेक तलाव बांधले गेले. रानीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल, संग्रामसागर ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांपैकी काही ठिकाणी आता तलाव उरला नाही, वस्तीला त्याचे नाव तेवढे राहिले आहे.

दुसरा टप्पा जलाशयांचा. इंग्रजी अमदानीत खंदारी आणि त्यानंतर परियट हे जलाशय शहराच्या नळांना पाणी देऊ लागले.

तिसरा टप्पा नर्मदेचा. शहर वाढले, जलाशय अपुरे पडले आणि नदीवरून उपसा सुरू झाला. ललपूर आणि रमनगरा ही केंद्रे नर्मदेच्या पाण्यावर चालतात. रमनगरा केंद्राची क्षमता दिवसाला १२० दशलक्ष लिटर, म्हणजे १२ कोटी लिटर आहे. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर या चार शहरांसाठी आशियाई विकास बँकेच्या कर्जातून जो पाणीपुरवठा प्रकल्प राबवला गेला, त्यात ते उभे राहिले.

किती माणसे, किती पाणी?

हिशोब अवघड नाही. तुम्हीही करून पाहू शकता.

पहिली पायरी, लोकसंख्या. २००१ च्या जनगणनेत जबलपूर महानगरपालिकेच्या (तिथल्या नगर निगमाच्या) हद्दीत सुमारे ९ लाख ३२ हजार लोक होते. २०११ मध्ये ते सुमारे १० लाख ५५ हजार झाले. दर दशकाला तेवढीच, म्हणजे १ लाख २३ हजारांची भर पडेल असे मानले, तर २०५१ मध्ये साडेपंधरा लाख लोक होतात. वाढीचा दर तेवढाच राहील असे मानले, तर १७ लाख ३० हजार होतात. एकाच आकडेवारीतून जवळपास दोन लाखांचा फरक पडला. त्यातच २०११ नंतर आसपासची गावे हद्दीत आली आणि आज शहराचे ७९ प्रभाग आहेत. म्हणून नियोजन करणारे अनेक पद्धतींनी अंदाज काढतात आणि हद्दवाढीसाठी थोडी जागा ठेवतात. पुढील जनगणनेचे आकडे आले की हे अंदाज पुन्हा तपासावे लागतील.

दुसरी पायरी, दरडोई पाणी. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरासाठी केंद्रीय मार्गदर्शिकेनुसार माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी आणि शौचालय हे सारे त्यात येते.

तिसरी पायरी, गुणाकार. हद्दवाढ धरून ३० वर्षांनी शहरात २० लाख लोक असतील असे समजू. २० लाख गुणिले १३५ लिटर म्हणजे दिवसाला २७ कोटी लिटर, अर्थात २७० दशलक्ष लिटर. एवढे पाणी घरोघरी पोहोचायला हवे.

खरा प्रश्न इथे सुरू होतो: गळती

घरी २७० दशलक्ष लिटर पोहोचवायचे तर केंद्रातून किती सोडावे लागेल? ते वाटेत किती वाया जाते यावर अवलंबून आहे.

- वाटेत १५ टक्के पाणी गेले, तर सुमारे ३१८ दशलक्ष लिटर सोडावे लागेल.
- वाटेत ४० टक्के पाणी गेले, तर ४५० दशलक्ष लिटर सोडावे लागेल.

फरक आहे १३२ दशलक्ष लिटरचा. रमनगराच्या पूर्ण क्षमतेपेक्षाही तो जास्त आहे. म्हणजे वाहिन्या दुरुस्त ठेवल्या तर एक अख्खे केंद्र, त्याचे पंप आणि कायमचे वीजबिल वाचते. गळक्या वाहिन्यांवर नवे केंद्र बांधणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

ज्या पाण्याचा शहराला मोबदला मिळत नाही त्याला ‘महसूलबाह्य पाणी’ म्हणतात. गळतीबरोबर चोरून घेतलेल्या जोडण्या, बंद पडलेले मीटर आणि नोंद नसलेला वापर हेही त्यात धरतात. अमृत २.० मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे.

गळतीचा संबंध आरोग्याशीही आहे. पुरवठा बंद असताना वाहिनीत दाब नसतो. अशा वेळी तडा गेलेल्या जागेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. कोणी थेट वाहिनीला टुल्लू पंप लावला की हा धोका आणखी वाढतो.

योजनेचा प्रत्येक भाग किती वर्षांसाठी?

सगळी कामे एकाच मुदतीची नसतात. केंद्रीय मार्गदर्शिकेत रूढ असलेल्या मुदती अशा:

- धरण किंवा मोठा जलाशय: ५० वर्षे
- नदीतून पाणी उचलण्याचे बांधकाम: ३० वर्षे
- मुख्य जलवाहिन्या आणि वितरण वाहिन्या: ३० वर्षे
- शुद्धीकरण केंद्र: १५ वर्षे
- पंप आणि मोटारी: १५ वर्षे
- शुद्ध पाण्याच्या टाक्या: १५ वर्षे

या यादीमागे साधा व्यवहार आहे. रस्ता खोदून टाकलेली वाहिनी पुन्हा पुन्हा बदलता येत नाही, म्हणून ती आधीच मोठी टाकतात. शुद्धीकरण केंद्र टप्प्याटप्प्याने वाढवता येते, म्हणून आज गरज नसलेल्या क्षमतेवर पैसा अडकवत नाहीत. मात्र पुढच्या टप्प्यासाठी जागा आजच राखून ठेवावी लागते. २०२५ मध्ये काम सुरू झाले असे धरले, तर २०४० हा मधला टप्पा आणि २०५५ हा अंतिम टप्पा ठरतो.

एकाच नदीवर किती विसंबायचे?

नर्मदेचे पाणी एकट्या जबलपूरचे नाही. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी केली. त्यात मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५ दशलक्ष एकर-फूट असा वाटा आला. मध्य प्रदेशच्या वाट्यातही सिंचन, वीज आणि इतर शहरे यांचा हक्क आहे. बरगीचेच पाणी कालव्याने कटनी, सतना आणि रीवा या भागांकडेही न्यायचे आहे.

म्हणून चांगली योजना नदीबरोबर आणखी तीन आधार जपते. खंदारी-परियटसारखे जुने जलाशय हा पहिला. मुख्य वाहिनी फुटली तर निदान काही भागांना त्यांचा आधार राहतो. दुसरा, भूजल भरणारे तलाव. तिसरा, वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर. शहराच्या एकूण मागणीपैकी २० टक्के गरज प्रक्रिया केलेल्या पाण्यातून भागवावी, असे अमृत २.० सांगते. बागा, बांधकाम आणि कारखाने यांना असे पाणी मिळाले की पिण्याचे पाणी पिण्यासाठी उरते.

अमृत २.० मधून काय मिळते?

हे अभियान १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. सर्व वैधानिक शहरांत घरोघरी नळजोडणी हे त्याचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्यासाठी प्रत्येक शहराने आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. पाणी किती येते, किती वापरले जाते, किती वाया जाते आणि किती सांडपाणी होते, हे त्यात लिहायचे. त्यावरून कामांचा आराखडा ठरतो.

प्रकल्पखर्चातील केंद्राचा वाटा शहराच्या लोकसंख्येनुसार असा असतो:

- १ लाखापेक्षा कमी: ५० टक्के
- १ ते १० लाख: एक तृतीयांश
- १० लाखांपेक्षा जास्त: २५ टक्के

ईशान्येकडील व डोंगरी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना वेगळे प्रमाण लागू आहे. जबलपुरात १०० कोटी रुपयांचे काम असेल, तर केंद्राकडून २५ कोटी येतील. उरलेले ७५ कोटी राज्य आणि शहराने उभे करायचे. केंद्राचा निधी २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत मिळतो. बांधकाम झाल्यावरचा वीज, रसायने आणि दुरुस्तीचा खर्च मुख्यतः पाणीपट्टीतून भागवावा लागतो. पाणीपट्टी थकली की आधी दुरुस्ती मागे पडते आणि गळती वाढते.

तुम्ही काय करू शकता?

1. जोडणी नियमित करा. नोंद नसलेला वापर महसूलबाह्य पाण्यात धरला जातो. नव्या जोडणीसाठी प्रभाग कार्यालयात चौकशी करा.
2. गळती कळवा. महानगरपालिकेकडे तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर मध्य प्रदेशची मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर फोन करा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.
3. घरची गळती तपासा. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा. सकाळी वापरापूर्वी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर घरातच गळती आहे.
4. छतावरचे पाणी मुरवा. १०० चौरस मीटर छतावरून, २० टक्के घट धरूनही, वर्षाला सुमारे १ लाख लिटर पाणी मिळू शकते. पाच जणांच्या कुटुंबाची ती जवळपास पाच महिन्यांची गरज आहे.
5. नगरसेवकांना प्रश्न विचारा. आपल्या प्रभागाची टाकी कोणती, तिची क्षमता किती, वाहिनी कोणत्या वर्षीची आणि महसूलबाह्य पाणी किती टक्के?

नेहमीचे प्रश्न

मीटर बसवला की बिल वाढेल का?
ते दरावर आणि तुमच्या वापरावर अवलंबून आहे. मीटरशिवाय मात्र पाणी कुठे जाते हे तुम्हालाही कळत नाही आणि शहरालाही नाही.

नवी टाकी बांधली तरी आमच्याकडे दाब का नाही?
टाकीपासून घरापर्यंतची वाहिनी जुनी, अरुंद किंवा गळकी असू शकते. टाकी आणि वाहिन्या यांची कामे जोडीने व्हायला हवीत. तक्रार करताना पाणी येण्याची वेळ आणि किती मिनिटे येते, हे लिहून द्या.

२०५५ ची चिंता आज कशाला?
आज रस्त्याखाली टाकली जाणारी वाहिनी तेव्हाही तिथेच असेल. तिचा आकार ठरवताना धरलेला आकडा चुकला, तर त्याचे ओझे तुमच्या मुलांवर पडेल. म्हणून आराखडा हरकतींसाठी खुला झाला की आपल्या भागाची लोकसंख्या त्यात किती धरली आहे, ते आधी पाहा.