रिळं गेली, सीडी उरली

घरगुती फिल्मची रिळं डिजिटल करून द्यायला लागलो तेव्हा ‘फाइल’ कोणी मागत नसे. २००० च्या आसपास घरोघरी व्हीसीडी प्लेअर होते, म्हणून लोक व्हीसीडी मागत आणि आम्ही ती देत असू. तिचं चित्र अवघं ३५२ बाय २८८ पिक्सेलचं. सुपर ८ ची फ्रेम करंगळीच्या नखाहून लहान असली तरी तिच्यात याहून कितीतरी जास्त तपशील असतो. आज काही घरांतून जुन्या लग्नाची, मुंजीची चांगली प्रत मागायला लोक येतात, तेव्हा कळतं की सीडी झाल्यावर माळा आवरताना रिळं टाकून दिली. त्या घरातल्या माणसांचं चालतंबोलतं चित्र आता तेवढंच उरलंय, याचं मला फार वाईट वाटतं.

मग डीव्हीडी आली. पिक्सेल वाढले, ७२० बाय ५७६ झाले, पण वेगाचा घोळ तसाच राहिला. साध्या ८ मिलिमीटरवर बहुधा सेकंदाला १६ फ्रेम घेतलेल्या असत, सुपर ८ वर १८, आणि आपला टीव्ही २५ चा. काही जण रीळ सरळ २५ नेच चालवत. मग पंगतीतले वाढपी भाताची परात घेऊन धावत सुटत आणि नवरी मान खाली घालून तुरुतुरु चालू लागे. बाकीचे फ्रेम पुन्हापुन्हा वापरून वेग जुळवत. वर इंटरलेसिंगमुळे दोन फ्रेमच्या रेघा एकमेकींत मिसळत. हे एकदा फाइलीत मुरलं की नंतर स्वच्छ वेगळं काढणं फार जिकिरीचं. त्याच काळात डीव्ही फाइली तासाला साधारण १३ जीबी जागा खात आणि हार्ड डिस्क लहान, त्यामुळे डीव्हीडी झाली की मूळ फाइल पुसली जाई.

व्हिडिओ दाबून साठवायचं एच.२६४ हे मानक २००३ मध्ये ठरलं. पुढे त्याची एमपी४ फाइल फोनपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालू लागली. तेव्हापासून बऱ्याच जणांना प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण एमपी४ फार दाबली की फिल्मचा ग्रेन आधी जातो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. त्यातून पुन्हा रंग दुरुस्त करायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

जपून ठेवायला कमी दाबणारे प्रकारही आहेत. ॲपलचं प्रोरेस २००७ चं. त्याच्या एचक्यू प्रकारात फुल एचडीचा तास २५ फ्रेमच्या वेगाने ८० जीबीच्या पुढे जातो. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण सुपर ८ चं पन्नास फुटी रीळ १८ च्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंदांतच संपतं. बहुतेक घरांची सगळी रिळं आजच्या एका पेनड्राइव्हवर मावतात. एफएफव्ही१ या पद्धतीत तर चित्रातलं काहीच गळत नाही आणि तिचा तपशील २०२१ पासून आरएफसी ९०४३ म्हणून सर्वांसाठी खुला आहे. म्हणून जपून ठेवायच्या प्रतीसाठी माझा कल तिच्याकडे आहे. टीव्हीवर ती सहसा लागत नाही, पण ते तिचं कामच नव्हे.

आता मी दोन फाइली देतो. एक जपायची: स्कॅन केलेली प्रत्येक फ्रेम एकदाच, मूळ १६ किंवा १८ च्या वेगाने, चित्र न ताणता. दुसरी बघायची: तिच्यावरूनच केलेली एमपी४. ती व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली तर पुन्हा दाबली जाते. आणि रिळं परत न्याच. उद्या याहून चांगला स्कॅनर आला तर त्याला तीच लागतील.