वायर, कव्हर आणि कटर: घरच्या सायकलदुरुस्तीतल्या एका अवजाराचा मागोवा

१८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी ब्रिटनमध्ये एका केबलचं पेटंट घेतलं. आत लवचीक पोलादी तार आणि बाहेर तारेच्याच वेटोळ्यांचं कवच, अशी तिची रचना होती. एका टोकाला तार ओढली की वाटेत वळणं असली तरी दुसऱ्या टोकाला ओढ पोहोचते, कारण बाहेरचं कवच दबत नाही. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी जगातल्या बहुतेक सायकलींचे ब्रेक आणि गिअर याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडच्या दुकानांत आतल्या तारेला ‘वायर’ म्हणतात आणि बाहेरच्या कवचाला ‘कव्हर’.

या दोन्ही गोष्टी कारखान्यातून गरजेपेक्षा लांब येतात. फ्रेमची उंची, हँडलची रुंदी, कॅरिअर, बास्केट यांप्रमाणे प्रत्येक सायकलीला वेगळं माप लागतं, आणि ते माप शेवटी सायकलीवरच घ्यावं लागतं. कापाकापी अशी या केबलच्या पाचवीलाच पुजलेली आहे. ती कशाने करायची, याचं उत्तर मात्र दर पिढीत बदलत गेलं.

भारतात हा प्रश्न बरीच वर्षं फारसा पडलाच नाही. मुंबईत १९३९ साली हिंद सायकल्स उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो आली. या कंपन्यांच्या ज्या काळ्या, उंच, चोवीस आणि बावीस इंची सायकलींवर महाराष्ट्रातले दूधवाले, पोस्टमन, गिरणी कामगार आणि शिक्षक फिरले, त्यांचे ब्रेक दांड्यांचे होते. हँडलखालून निघालेली दांडी पुढच्या चाकापर्यंत सरळ उतरायची, मागच्या ब्रेकसाठी दांड्यांची साखळी फ्रेमच्या कडेने जायची. दांडी वाकली तर ठोकून सरळ करायची, नट ढिला झाला तर पान्याने आवळायचा. रस्त्याकडेच्या सायकल दुकानात पाने, पक्कड, हातोडा, छिन्नी, कानस, पंक्चरचं सामान आणि पाण्याचं घमेलं एवढ्यावर सगळा संसार चालत असे. केबल कटरला त्यात जागा नव्हती, कारण कापायला केबलच नव्हती.

पुढे हलक्या ‘स्पोर्ट्स’ सायकली आल्या, मुलांच्या लहान सायकली आल्या आणि त्यांच्याबरोबर वायरचे ब्रेक घराघरांत पोहोचले. वायर कापायला मेकॅनिकने हाताशी असलेली पक्कडच घेतली. पकडीने जमलं नाही तर लोखंडी ठोकळ्यावर वायर ठेवून छिन्नीचा एक घाव घातला. ब्रेकची वायर जाड असते, ब्रेकचं काम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फरकाने बिघडत नाही, त्यामुळे हे चालून गेलं. त्या मेकॅनिकांच्या हातात कसब होतं. कापण्याआधी टोकाला डाख देऊन तारा एकत्र बांधून घेणं, हा जुना जाणता उपाय त्यातलाच.

पण पकडीत नेमकं काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सायकलची आतली वायर म्हणजे बहुधा १९ बारीक पोलादी तारांचा पीळ असतो. ब्रेकची वायर साधारण १.५ ते १.६ मिलिमीटर जाडीची, गिअरची १.१ ते १.२ मिलिमीटरची. पकडीच्या किंवा साध्या साइड कटरच्या दोन धारा समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात. मधली वायर आधी चपटी होते, कडेच्या तारा धारेखालून बाजूला निसटतात, मधल्या तेवढ्या तुटतात. दुसऱ्यांदा दाबलं की उरलेल्या तारा वेगळ्या लांबीवर तुटतात. हातात राहतं ते पिंजलेलं टोक. ते कव्हरमध्ये जात नाही, बळंच ढकललं तर आतल्या प्लास्टिकच्या नळीला ओरबाडतं, आणि सुटी तार बोटात घुसली तर ती काढायला चिमटा शोधावा लागतो. नवी कोरी वायर अशी एका चुकीच्या दाबाने वाया जाते.

हा दोष गिअरने उघडा पाडला.

१९८४ मध्ये जपानच्या शिमानोने आपल्या ड्युरा-एस या गिअरसंचात ‘एसआयएस’ ही पद्धत आणली. तोपर्यंत स्वार लिव्हर थोडी पुढे-मागे सरकवून, आवाज ऐकून गिअर जुळवत असे. आता लिव्हरच्या प्रत्येक ‘टक्’ला वायर ठरावीक अंतर सरकणार आणि चेन नेमकी पुढच्या दातेरी चकतीवर चढणार, असा हिशेब आला. मागे आठ चकत्या असलेल्या शिमानोच्या संचात शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिलिमीटर असतं, दहा चकत्यांच्या संचात ते ३.९५ मिलिमीटरवर येतं. एवढ्याशा जागेत कव्हरचं टोक तिरकं कापलेलं असेल आणि टोकाला चढवायच्या टोपीत नीट बसलेलं नसेल, तर ते दाबाखाली जरासं सरकतं आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये खडखडत राहते. मेकॅनिक गिअरचे स्क्रू फिरवत बसतो, पण बिघाड असतो कव्हरच्या कापलेल्या तोंडाशी.

याच गरजेतून गिअरचं कव्हर ब्रेकच्या कव्हरपासून वेगळं झालं. ब्रेकचं कव्हर साधारण ५ मिलिमीटर जाडीचं, आत चपट्या पोलादी पट्टीची स्प्रिंगसारखी वेटोळी. गिअरचं कव्हर साधारण ४ मिलिमीटरचं, आत लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी बसवलेल्या बारीक तारा. त्या दबून आखूड होत नाहीत, म्हणून गिअर नेमका पडतो. मात्र हे कव्हर ब्रेकला लावायचं नसतं. जोरदार ब्रेकच्या दाबाखाली या तारा बाहेरचं प्लास्टिक फाडून फाकू शकतात. कापण्याच्या दृष्टीने गिअरचं कव्हर सगळ्यांत कठीण. दहा-वीस कडक तारा, मध्ये मऊ नळी, वर प्लास्टिक, आणि हे सगळं चपटं न होता एका दाबात सरळ तुटायला हवं. पक्कड इथे हात टेकते.

उत्तर वेगवेगळ्या दिशांनी आलं. स्वित्झर्लंडमध्ये १९४५ साली फेलिक्स फ्लिश यांनी फेल्को सुरू केली ती द्राक्षमळे आणि बागांमधल्या छाटणीच्या कात्र्यांसाठी. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे लाल मुठीचं अवजार ओळखीचं असेल. याच कंपनीने पुढे पोलादी दोर कापणारे कटर बनवले. त्यांच्या पात्यांना त्रिकोणी खाच असते. त्यामुळे केबल दोन नव्हे तर अधिक बाजूंनी धरली जाते आणि तारांना बाजूला पळायला वाव राहत नाही. यातला सी-७ हा एका हाताने चालणारा कटर सायकल मेकॅनिकांच्या पसंतीस उतरला. जर्मनीत वुपर्टालची क्निपेक्स १८८२ पासून पकडी बनवते. तिच्या पोलादी दोराच्या कटरची धार वेगळी कडक केलेली असते, कंपनी तो कडकपणा सुमारे ६४ एचआरसी सांगते. अमेरिकेत हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम या सेंट पॉलच्या दोन सायकल दुकानदारांनी १९६३ मध्ये दुरुस्तीचा स्टँड बनवला आणि त्यातून पार्क टूल उभी राहिली. निळ्या मुठीचा त्यांचा सीएन-१० खास सायकलच्या वायर आणि कव्हरसाठी आहे. शिमानोनेही टीएल-सीटी१२ हा स्वतःचा कटर काढला.

महाराष्ट्रात या अवजाराची गरज मोठ्या प्रमाणावर जाणवली ती २००० नंतर. २००५ मध्ये फायरफॉक्स ही सायकल कंपनी आली, आयात सायकलींची दुकानं पुण्या-मुंबईत आणि मग नाशिक, कोल्हापूर, नागपूरला उघडली. २०१४ पासून पुणे ते गोवा अशी डेक्कन क्लिफहँगर ही लांब पल्ल्याची शर्यत भरू लागली. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली, तेव्हा सायकलचं नाव घराघरांत निघालं. मग आला २०२० चा लॉकडाउन. सायकलची दुकानं बंद, रस्ते मोकळे, आणि बाल्कनीत उभी असलेली सायकल बाहेर काढायची तर दुरुस्ती आपणच करायची. पान्यांचा संच मिळाला, चेनचं तेल मिळालं. वायर बदलायची वेळ आली तेव्हा अनेकांनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानातून ‘केबल कटर’ आणला.

इथेच बहुतेकांची फसगत झाली. हार्डवेअर दुकानात केबल कटर मागितला की सहसा वायरमनचा कटर पुढे येतो. नाशिकच्या सातपूरची टपारिया १९६९ पासून, सुरुवातीला स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, हातअवजारं बनवत आली आहे. अशा नावाजलेल्या कंपन्यांचे विजेच्या केबलसाठीचे कटर त्यांच्या कामाला उत्तमच असतात. पण ते तांबं आणि ॲल्युमिनियम कापायला घडवलेले असतात. सायकलची वायर ओढून कडक केलेल्या पोलादाची. मऊ धातूसाठी केलेल्या पातळ धारेवर ती पहिल्याच कापात दाता पाडते. पुढच्या वेळी तार नेमकी त्या दात्यात अडकते आणि वाकते. चूक कटरची नव्हे, निवडीची. म्हणून दुकानात ‘स्टील वायर रोप’साठीचा किंवा सायकलच्या वायरीसाठीचा कटर असं स्पष्ट सांगूनच मागायला हवं.

टिकाऊ कटर ओळखायला तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, पात्यांची चाल. पाती समोरासमोर भिडणारी नकोत, कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांना घासून पुढे जाणारी हवीत आणि त्यांत केबल मावेल अशी खोलगट खाच हवी. दुसरी, सांधा. मुठी आडव्या हलवून पाहिल्या आणि पाती डुलली, तर कटर नवा असूनही निकामी. पात्यांमध्ये केसभर फट असली तरी बारीक तार तुटण्याऐवजी त्या फटीत घडी होऊन बसते. सांधा रिव्हेटचा असेल तर ढिला झाल्यावर त्याचं काहीच करता येत नाही. नट-बोल्टचा असेल तर पुन्हा आवळता येतो, आणि अवजाराचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं. तिसरी, धार. कंपनीने ती वेगळी कडक केल्याचं आणि किती जाडीच्या पोलादी तारेपर्यंत चालेल ते स्पष्ट लिहिलेलं असावं. मुठीची स्प्रिंग, बंद करायची कडी, टोकाची टोपी दाबायची खाच या सोयी कामाच्या असतात, पण दुय्यम.

कटर चांगला असला तरी वापरायची रीत आहेच. केबल पात्यांच्या टोकाशी न धरता सांध्याजवळ खोल धरावी. तिथे जोर जास्त मिळतो आणि हात हळूहळू दाबावा लागत नाही. एका ठाम दाबात काम होतं. कव्हर कापताना आत जुन्या वायरचा तुकडा घालून ठेवला की नळी दबत नाही. कापून झाल्यावर ब्रेकच्या कव्हरच्या वेटोळ्याचं वर आलेलं टोक कानशीने सपाट करायचं, नळीचं तोंड दाभणाने गोल उघडायचं, मग टोपी चढवायची. आतली वायर मात्र सगळ्यांत शेवटी, ब्रेक किंवा गिअर जुळल्यावरच, तीन-चार सेंटिमीटर जादा ठेवून कापायची आणि लगेच टोकावर ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवायची. या कटरने स्पोक कापायचा नाही. साधारण २ मिलिमीटरचा सलग पोलादी स्पोक पिळाच्या तारेसारखा थोडा थोडा तुटत नाही, सगळा जोर धारेच्या एकाच बिंदूवर घेतो. खिळे, कुलपाची साखळी, कुंपणाची तार यांनाही हीच मनाई. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात आणि मुंबईत सांध्यावर तेलाचा थेंब टाकून कटर कोरड्या कापडात गुंडाळून ठेवला नाही, तर गंज धारेपासूनच सुरू होतो.

महागड्या सायकलींवरून वायर आता उतरू लागली आहे. शिमानोचे विजेवर चालणारे डीआय-टू गिअर २००९ मध्ये आले, स्रॅम या कंपनीने २०१५ मध्ये वायरच नसलेले ईटॅप आणले, आणि डिस्क ब्रेक तेलाच्या दाबावर चालू लागले. पण २०२३ मध्ये शिमानोने रोजच्या वापराच्या सायकलींसाठी ‘क्यूज’ ही गिअरमालिका आणली, आणि तिचे नऊ, दहा, अकरा गिअरचे संच वायरवर चालणारेही आहेत. मुलांच्या सायकली, हायब्रिड, कामावर जायच्या सायकली यांचीही तीच गत आहे. दोन ब्रेक आणि पुढे-मागे गिअर असलेल्या एका सायकलीला चार वायरी लागतात. घरात अशा दोन सायकली असल्या आणि मुंबईसारख्या दमट हवेत वायरी वरचेवर बदलाव्या लागत असल्या, तर चांगल्या कटरचे पैसे वाया गेलेल्या वायरी आणि दुकानाच्या फेऱ्या यांच्या हिशेबातच वसूल होतात. आता पुण्या-मुंबईतल्या काही सोसायट्यांमध्ये सायकलवाले मिळून एकच भारी कटर घेतात. त्याच्या जोडीला पेटीत एक जुना साइड कटरही ठेवला की प्लास्टिकचे पट्टे कापायला कोणी चांगल्या कटरला हात लावत नाही.