क्रीडा व्यवस्थापनात पीएचडी करताय? कोर्सवर्कच्या १२ क्रेडिटचं गणित आधी मांडा

सक्तीचे पेपर वगळले तर निवडीला उरतात मोजकेच क्रेडिट. ते कुठे वापरायचे, जाणून घ्या

प्रवेश मिळाला, मार्गदर्शक ठरले, की कोर्सवर्क ‘एकदाचं उरकून टाकू’ असा अनेकांचा सूर असतो. क्रीडा व्यवस्थापनात हे महागात पडू शकतं. इथे कुणी एमपीएड करून येतो, कुणी एमबीए. एकाला मैदान कळतं पण ताळेबंद नाही. दुसऱ्याचं नेमकं उलट. ही उणीव भरून काढण्याची हक्काची जागा म्हणजे कोर्सवर्क.

नियम काय सांगतो?

यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार:

• कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं हवं.
• ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा २ क्रेडिटचा, ३० तासांचा पेपर आणि संशोधन पद्धतीचा पेपर सक्तीचा.
• कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी हवी. त्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि प्रबंधही सादर करता येत नाही.
• पीएचडीचा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. कोर्सवर्कचा काळ त्यातच मोजला जातो.
• कोणते पेपर करायचे, हे ठरवायला संशोधन सल्लागार समिती मदत करते. यूजीसीमान्य ऑनलाइन कोर्सही ती सुचवू शकते.

हाती उरतं किती?

समजा, संशोधन पद्धतीला ४ क्रेडिट आहेत (विद्यापीठानुसार हा आकडा बदलतो). नीतिमत्तेचे २ धरले, तर उरतात ६. म्हणजे दोन किंवा तीन पेपर. कायदा, अर्थशास्त्र, मार्केटिंग, समाजशास्त्र असं सगळं त्यात बसणार नाही.

मग निवड कशी करायची?

आधी संशोधनाचा प्रश्न, मग पेपर. तीन उदाहरणं पाहा:

• आयपीएलचे प्रसारण हक्क: २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ही किंमत कशी ठरते, हा प्रश्न असेल तर क्रीडा अर्थशास्त्र आणि प्रगत संख्याशास्त्र हवं.
• क्रीडा संघटनांचा कारभार: राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५चा परिणाम तपासायचा असेल तर क्रीडा कायदा, सार्वजनिक धोरण आणि दस्तऐवजांचं विश्लेषण शिकावं लागेल.
• दहावीनंतर कबड्डी सोडणाऱ्या मुली: इथे क्रीडा समाजशास्त्र आणि मुलाखतींवर आधारित गुणात्मक पद्धत कामाला येईल.

चूक कुठे होते?

आधी प्रश्नावली वाटायची आणि संख्याशास्त्र नंतर पाहायचं, हा क्रम घातक ठरतो. शेकडो फॉर्म भरून आल्यावर कळतं, की जो प्रश्न तपासायचा होता तो नीट विचारलाच गेला नाही. तेव्हा माहिती पुन्हा गोळा करण्यावाचून पर्याय उरत नाही आणि वर्ष हातचं जातं. म्हणून विश्लेषणाचा पेपर पहिल्याच सत्रात घेतलेला बरा.

नोकरी करत असाल तर?

अर्धवेळ पीएचडी करता येते. मात्र नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. वर्ग कधी आणि कुठे भरतात, हे प्रवेशाआधीच विचारा.

समितीपुढे जाताना

एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: प्रश्न काय, माहिती कुठून मिळणार, तिचं विश्लेषण कसं करणार आणि त्यातलं आपल्याला काय येत नाही. चौथ्या मुद्द्याचं उत्तर हीच तुमच्या पेपरांची यादी.